विजेच्या गाडीने माझा पाय नेला

मित्रांनो, जुना बूट दिसला की तुम्ही नाक मुरडता, हे मला चांगले ठाऊक आहे. खुशाल मुरडा. पण मी साधासुधा बूट नाही, मी एका ड्रायव्हरचा उजवा बूट आहे. गाडीला पळवणारा मी आणि थांबवणाराही मीच. डावा माझा सख्खा भाऊ, एकाच कातड्यातून कापलेला. पण त्याला कशाचेच काही वाटत नाही. मला मात्र सगळ्याचे वाटते. म्हणून आधीच सांगून ठेवतो, ही माझ्या मत्सराची गोष्ट आहे. ज्यांना गोड गोष्ट हवी असेल त्यांनी फाटक्या पुस्तकाकडे नाहीतर जुन्या छत्रीकडे जावे.

कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. काळे कातडे लाकडी फर्म्यावर ताणून बसवले, खाली जाड रबराचा तळ चिकटवला, वरून शिवण मारली आणि भावासकट मला खोक्यात निजवले. तिथून आम्ही सीताबर्डीच्या एका दुकानात आलो. तिथे बरीच गिऱ्हाइके आली. कोणी आरशात पाहायचे, कोणी भाव पाडायचे. धम्मानंद आला तेव्हा त्याने आरशात पाहिलेच नाही. त्याने मला पायात घातले, स्टुलावर बसला आणि फरशीवर टाच टेकवून चवडा खाली-वर, खाली-वर करू लागला. दुकानदाराला वाटले याला मुंग्या आल्या. मला मात्र त्याच क्षणी कळले की हा पाय माझा आणि मी या पायाचा.

धम्मानंद इंदोऱ्यात राहणारा, भैयाजी नावाच्या मालकाच्या डिझेल गाडीवरचा ड्रायव्हर. काम ठरलेले होते. पारशिवनीकडच्या खेड्यांतून पेशंट आणायचे, धंतोलीतल्या दवाखान्यांपाशी उतरवायचे, दिवसभर तिथेच झाडाखाली थांबायचे आणि संध्याकाळी त्यांना गावी पोचवायचे. कोणाचे हाड मोडलेले असायचे, कोणाचे पोट कापलेले, कोणी बाई दिवस भरत आलेली. गाडीला एक गचका बसला की मागून 'आई गं' ऐकू यायचे. म्हणून धम्मानंद फार जपून चालवायचा आणि ते जपणे सगळे माझ्या तळव्यातून जायचे.

त्या डिझेल गाडीची मला कधीही भीती वाटली नाही, की हेवा वाटला नाही. ती मालकाची, मी धम्मानंदचा. शिवाय तिला माझी गरज होती. मे महिन्यात नागपूरचे ऊन वरून आणि इंजिन खालून, असा त्या गाडीचा पत्रा तापायचा. अनवाणी पाय तिथे क्षणभर टेकला असता तर फोड आला असता. मी होतो म्हणून तो पाय शाबूत राहिला. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर, ब्रेकवरून परत, असा मी दिवसभर नाचायचो. डावा तिकडे क्लच सांभाळायचा आणि दुपारी झाडाखाली घोरायचा. संध्याकाळी उतरताना पेशंट म्हणायचे, "धम्माभाऊ, पोटातलं पाणी हालू नाही देलं तुमी." धम्मानंद हसायचा. ती शाबासकी खरी कोणाची होती, ते मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

मग भैयाजी थकले, धंदा आवरून मुलाकडे निघून गेले. डिझेल गाडी विकली गेली. धम्मानंदने जन्मभराची पुंजी एकत्र केली आणि एक गाडी घेतली. स्वतःची, विजेवर चालणारी.

ती आली त्या दिवशी गल्लीतली सगळी पोरेबाळे जमली. पांढरीशुभ्र, आवाज नाही, धूर नाही. सत्यवती, म्हणजे धम्मानंदची बायको, पेढे वाटत होती. बायजाबाई, त्याची म्हातारी आई, बॉनेटवरून हात फिरवत म्हणाली, "हे चालू हाय का बंद, काई समजतच नाही गा." सगळे हसले. मी हसलो नाही. नवी नवरी घरात आल्यावर जुन्या माणसाच्या पोटात जे होते ते माझ्या पोटात होत होते. पण मी मनाला समजावले, कितीही देखणी असली तरी चालवायला पाय लागणारच, आणि पायाला मी लागणारच.

धम्मानंदने खिशातून एक लहानसा फोटो काढला. बाबासाहेबांचा, कोट-टायमधला, छातीपर्यंतचा. भैयाजींच्या गाडीत भैयाजींचे देव होते. धम्मानंदने इतकी वर्षे त्यांना रोज अगरबत्ती लावली होती, कारण ते त्याच्या कामात होते. आता गाडी त्याची होती आणि फोटो त्याच्या मनातला होता. डॅशबोर्डवर तो चिकटवताना त्याचे डोळे भरून आले. नंतर त्याने दार उघडले, एक पाय आत टाकला आणि थबकला. त्याने फोटोकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. आणि नाडी सोडून त्याने मला काढून ठेवले.

मला वाटले खडा गेला असेल. तो झटकून परत घालेल म्हणून मी वाट पाहत बसलो. त्याने भावालाही काढले, आम्हा दोघांना कापडी थैलीत घातले आणि शेजारच्या सीटखाली सारून दिले. मग अनवाणी पाय आत घेऊन, जणू विहारात बसावे तसा तो त्या गाडीत बसला.

मित्रांनो, अंगाचा तिळपापड होणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. थैलीचे तोंड उघडेच असायचे, त्यामुळे मला सगळे दिसायचे. तोच पाय, ज्याची प्रत्येक नस मला पाठ होती, तो आता उघडा होऊन त्या नव्या पेडलवर टेकायचा. विजेच्या गाडीत तापणारे इंजिनच नाही, त्यामुळे तळ आपला थंडगार. पाय भाजण्याची भीती नाही, मग बूट कशाला? तिने माझी गरजच संपवून टाकली होती. पेडल तर असे मिरवायचे की विचारू नका. 'मधे कोणी नाही हं आता,' असे जणू मलाच हिणवायचे.

मी भावाला म्हटले, "तुला काहीच वाटत नाही का रे?"

"मला कशाला वाटेल? त्या गाडीत क्लचच नाही," तो म्हणाला आणि झोपला.

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणून मी दम धरला. पण दिवस गेले, महिने गेले. धम्मानंद घरून निघताना मला घालायचा, गाडीपाशी येऊन काढायचा, धंतोलीत उतरताना घालायचा, बसताना परत काढायचा. ही गोष्ट त्याने घरी कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी ती त्याला वाटलीच नसावी. देव्हाऱ्यापाशी जाताना आपण चप्पल काढतो ते कोणी कोणाला सांगते का?

पावसाळा संपता संपता त्याचा पाय दुखू लागला.

सुरुवातीला फक्त सकाळी. पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकले की टाचेत सुई टोचल्यासारखे व्हायचे आणि तो भिंत धरायचा. चार पावले चालला की थोडे कमी व्हायचे. मग ते दुखणे गाडीतही येऊ लागले. माझ्या डोळ्यांसमोर सगळे घडत होते आणि त्याचे कारण मला कळत होते. या गाडीची रीत वेगळी. तिच्या पेडलवरून पाय उचलला की ती आपोआप ब्रेक लावल्यासारखी आखडते. एकट्याने चालवायला मजेदार, पण मागे पेशंट असला की हाल. पारशिवनीजवळच्या एका खेड्यातले धोंडबा आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी धंतोलीला येत. परतताना त्यांच्या अंगात त्राण नसायचे. पहिल्याच खेपेला गाडी अशी आखडली तेव्हा ते म्हणाले, "धम्मा, पोटात ढवळून राहिलं गा मले." त्या दिवसापासून धम्मानंदने पाय उचलायचाच नाही असे ठरवले. पेडल अर्धे दाबलेले, ना खाली ना वर, टाच कडक चटईवर रोवलेली, बोटे ताणलेली, असा तो उघडा पाय नागपूरपासून गावापर्यंत धरून ठेवायचा. जुन्या गाडीत पाय नाचायचा, म्हणून त्याला विसावा मिळायचा. इथे तो शिक्षा झाल्यासारखा एका जागी उभा असायचा. त्यात गाडीच्या पोटाखाली बॅटरी, म्हणून तळ उंच; गुडघे वर, टाचेवर सगळा भार. आणि टाचेखाली माझा जाड तळ नाही.

मला वाईट वाटले का? ऐका, आधी मला बरे वाटले. 'घे, आणखी बस तिला मांडीवर घेऊन,' असे मी थैलीतून म्हटले. मत्सर असाच असतो, त्याला औषधाची घाई नसते. पण धम्मानंद सिग्नलला थांबला की वाकून टाच चोळायचा, आणि ती चोळणारी बोटे पाहिली की माझा जीव कासावीस व्हायचा. माझ्याच पायाला दुखत होते आणि मी हातभर अंतरावर थैलीत पडून होतो.

घरी सत्यवतीने सगळे उपाय केले. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायला लावला. रुईचे पान शेकून टाचेला बांधले. बायजाबाई रात्रीच्या जेवणानंतर त्याचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळायची आणि म्हणायची, "एवढा कायनं दुखून राहिला गा तुझा पाय? तू तं बसूनच असतं दिवसभर." धम्मानंद म्हणायचा, "वय झालं माय." म्हातारीपुढे पन्नाशीचा मुलगा वयाच्या गोष्टी करत होता.

शेवटी सत्यवतीने त्याला धंतोलीतच एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. रोज दुसऱ्यांना तिथे पोचवणारा माणूस त्या दिवशी स्वतः बाकावर नंबर लावून बसला. डॉक्टरांनी टाच दाबली, धम्मानंद कळवळला. त्यांनी एक्स-रे पाहिला, हाड ठीक आहे म्हणाले. मग त्यांची नजर खाली गेली आणि त्यांनी मला उचलले. उलटे केले. माझा तळ एका बाजूने झिजलेला आहे, हे मी नाकारत नाही. इतकी वर्षे ब्रेक दाबल्यावर तुमचाही झिजला असता.

"दिवसभर पायात हेच असतात?" डॉक्टरांनी विचारले.

धम्मानंदने माझ्याकडे पाहिले आणि नजर वळवली. मग म्हणाला, "हो. हेच."

"मग दुसरे कारण शोधायलाच नको. टाच बघा याची, पार गेलेली. आधी हे फेकून द्या आणि मऊ तळाचे बूट घ्या."

मला तोंड असते तर मी त्या खोलीचे छत उडवले असते. गाडीत बूट घालत नाही, असे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. डॉक्टर हसतील, असे त्याला वाटले असावे. डॉक्टरांचा तरी काय दोष? समोर पाय होता, पायात मी होतो, त्यांनी दोन अधिक दोन केले. करून गेली ती पांढरी अवदसा आणि नाव झाले माझे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

त्याच संध्याकाळी नवे बूट घरात आले. निळसर, फुगीर, कापसासारखे हलके. आणि आम्ही दोघे दाराआडच्या पोत्यात गेलो, भंगारवाल्याची वाट पाहत. आता मला दोन सवती झाल्या. एक बाहेर चार्जिंगची वायर लावून उभी, दुसरी उंबरठ्याशी जोडीने बसलेली.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हे निळे रोज संध्याकाळी परत यायचे ते अगदी कोरे करकरीत. ज्या बुटाने पेडल दाबले त्याच्या तळव्यावर पेडलच्या रेघा उमटतात. माझ्या तळव्यावर आजही आहेत. यांच्या तळव्यावर काही नाही. मी पोत्यातून विचारले, "काय राव, कसे चालले आहे काम?" तर ते निळे म्हणाले, "काम कसले? थैलीत छान झोप लागते." अहाहा! माझ्या मत्सराला त्या रात्री पोटभर जेवायला मिळाले.

पण धम्मानंदचे दुखणे वाढतच होते. मऊ बूट घेऊनही पाय बरा होत नाही म्हटल्यावर सत्यवती काळजीत पडली. आणि मग तो दिवस आला.

भर दुपारी गाडी दाराशी थांबली. या वेळेला तो कधीच घरी येत नसे. धम्मानंद निळे बूट हातात घेऊन, अनवाणीच, लंगडत आत आला आणि खुर्चीवर बसला. सत्यवतीने पाणी आणले. त्याने ते नुसतेच हातात धरून ठेवले.

"काय झालं वं?" बायजाबाईने सुनेला विचारले.

"तेच तं विचारून राहिली आई मी."

मग तो हळूहळू बोलला. धोंडबांना आणताना पारशिवनीच्या रस्त्यावर समोरून एक बैलबंडी आडवी आली. त्याने ब्रेकवर पाय न्यायला पाहिले, तर टाचेतून अशी कळ निघाली की पाय जागचा हललाच नाही. क्षणभरच. मग कसाबसा ब्रेक लागला. गाडी बैलाच्या शिंगापाशी जाऊन थांबली. बंडीत एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती.

"धोंडबा पुढच्या सीटवर आदळले. काही झालं नाही त्यायले. पण मले काईच सुचेना," धम्मानंद म्हणाला. "त्यायले दवाखान्यात सोडलं. परत न्यायले दुसऱ्या गाडीवाल्याले सांगून आलो. आता नाही चालवत मी. माझं काही झालं तं चालन, पण माझ्या हातून कोणी मेला तर? विकून टाकतो गाडी."

जन्मभर मालकाच्या गाड्या चालवून त्याने ही एक स्वतःची घेतली होती. आणि मी? मित्रांनो, ती जाणार हे ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता. सवत घराबाहेर निघाली होती. पण धम्मानंदचा चेहरा पाहिला आणि मला कळले, ती गेली तर हा पाय कोणत्याच पेडलवर पुन्हा टेकणार नाही. मग माझा तरी त्यात कोणता वाटा उरला?

बायजाबाई त्याच्या हातातल्या बुटांकडे पाहत होती. "तू बूट हातात घेऊन काहून आला?"

"गाडीतून उतरलो तसाच आलो."

"गाडीत काढतं का तू बूट?"

धम्मानंदने मान खाली घातली. "हो."

"रोज?" सत्यवती ओरडलीच. "अहो, मऊ बूट कायले आणले मंग? थैलीत ठेवाले? त्या डॉक्टरले तुमी 'हेच' म्हणून सांगतलं न!"

"काहून काढतं पण?" म्हातारीने सुनेला हाताने थांबवत विचारले.

"समोर बाबासाहेबांचा फोटो आहे, माय," धम्मानंद अगदी हळू म्हणाला. "आपल्या जन्मातली पहिली गाडी, तिच्यात लावलेला आपला पहिला फोटो. त्यांच्यासमोर जोडा घालून बसाले माझा जीव होत नाही."

बायजाबाईने त्याच्याकडे पाहिले. मला वाटले आता ही त्याचे कौतुक करणार. ती उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझा बाप पाटलाच्या घरासमोरून जाये, तवा जोडा काखेत घ्या लागे त्याले," ती म्हणाली. "पायात नाही, काखेत. उन्हाळ्यात फुफाट्यानं पाय भाजे, पण जोडा पायात घालाची सोय नव्हती. मंग तो छप्पन साली पायी पायी नागपूरले आला. दीक्षा घेतली. अन् घरी येताना काय आणलं माहीत हाय? बूट. सवय नव्हती तं असे चावले बूट त्याले, का टाचा सोलून निघाल्या, रक्त आलं. माझी माय म्हणे, काढा ना. तो म्हणे, नाही काढत. पाटलाच्या घरासमोरून, भर रस्त्यानं, करकर करत गेला. मी त्याचं बोट धरून होती. त्याचाही पाय दुखला धम्मा. पण त्याचा बूट घालून दुखला."

धम्मानंदने वर पाहिले.

"ज्यायच्यामुळं आपल्या पायात बूट आला, त्यायच्यासमोर तू बूट काढून बसतं? चौकातला पुतळा नाही पाह्यला का तू कधी? पायात बूट हाय का नाही त्यायच्या? तुझा गाडीतला फोटो छातीपर्यंतचाच हाय, म्हणून तुले दिसला नाही."

धम्मानंद लहान मुलासारखा रडू लागला. सत्यवतीही डोळ्याला पदर लावत होती आणि त्याच वेळी रागानेही पाहत होती. म्हातारीने मात्र रडण्यात वेळ घालवला नाही. तिने निळे बूट त्याच्या पायापुढे आणून ठेवले.

इथे माझ्या काळजाचे पाणी झाले. इतके बोलली, तर आता पोत्यातून मला काढेल आणि म्हणेल, 'हा घे तुझा जुना सोबती,' अशी माझी आशा होती. पण धम्मानंदने निळ्यांत पाय घातले आणि नाडी बांधली. ज्यांनी आयुष्यात एक ब्रेक दाबला नाही, त्यांना माझा पाय मिळाला. मी पोत्यात तोंड फिरवून पडलो.

इतक्यात पोत्याचे तोंड उघडले. बायजाबाईचा हात आत आला. आधी भाऊ बाहेर निघाला, मग मी. ती उंबरठ्यावर बसली, पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि आपला कोरडा, भेगाळलेला, लहानसा पाय माझ्यात घातला. तिचा पाय माझ्यात निम्मासुद्धा भरेना. पुढे जागा उरली तेव्हा तिने वर्तमानपत्राचा बोळा करून कोंबला आणि पुन्हा घातला.

"आई, हे काय करून राहिल्या?" सत्यवती म्हणाली.

"गाडीत बसाले बूट लागते," म्हातारी म्हणाली. "चल गा धम्मा. त्या डॉक्टरले खरं सांगून येऊ. सत्यवती, तू हाकशीन का गाडी, का आजच्या दिवस पोराच्याच पायाचा भरवसा करू?"

सत्यवतीला गाडी चालवता येत नव्हती. शेवटी शेजारच्या संघपालने गाडी हाकली, धम्मानंद मागे बसला आणि म्हातारी पुढच्या सीटवर. लुगड्याखाली काळे मोठे बूट. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तिने पाय आत घेतला आणि मी, मित्रांनो, पहिल्यांदा त्या पांढऱ्या गाडीत थैलीतून नाही तर पायातून शिरलो. समोर बाबासाहेबांचा फोटो होता. म्हातारीने हात जोडले. बूट काढले नाहीत.

धंतोलीत डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. ते हसले नाहीत. त्यांनी धम्मानंदला खुर्चीवर बसवून गाडी चालवताना पाय कसा धरतोस ते करून दाखवायला सांगितले आणि पाहून म्हणाले, "हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर इतके महिने गेले नसते." मग त्यांनी नीट समजावले. महिनाभर गाडी बंद. पुढे टाचेखाली मऊ गादी असलेला बूट घालूनच चालवायचे. सीट थोडी पुढे घ्यायची. गाडी आपोआप आखडते ती सवय सेटिंगमध्ये जाऊन कमी करता येते, ती करायची, म्हणजे पाय उचलता येईल. मध्ये उतरून चार पावले चालायचे. पाय बरा होईल आणि गाडी विकायची काही गरज नाही. धम्मानंदने डॉक्टरांचे दोन्ही हात धरले.

निघताना डॉक्टरांची नजर बायजाबाईच्या पायाकडे गेली. "अरे! हे बूट अजून फेकले नाहीत?"

"काहून फेकू?" म्हातारी म्हणाली. "बुटाचा काय गुन्हा?"

मला त्या क्षणी काय वाटले ते मी सांगू शकत नाही. सांगितले तर तुम्हाला मी हळवा वाटेन.

आता धम्मानंदचा पाय बरा आहे. थंडीत कधी टाच ठणकते, तेव्हा तो उतरून गाडीभोवती एक फेरी मारतो. धोंडबा पुन्हा त्याच्याच गाडीने येतात आणि उतरताना पोटातले पाणी हलले नाही म्हणतात. ती शाबासकी आता निळे घेतात. त्यांच्या तळव्यावर पेडलच्या रेघा उमटू लागल्या आहेत. मी त्या रोज पाहतो आणि माझे पोट अजून दुखते. त्याला डॉक्टर नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. दुखत असेल तर कुठे आणि कशाने दुखते ते खरे सांगा; लाजेखातर दुसऱ्याच्या माथी मारू नका. आदर जरूर करा, पण आपले अंग मोडून केलेला आदर कोणी मागितला होता का, तेही एकदा विचारा. आणि जुना बूट फेकण्यापूर्वी घरात आणखी कोणाचा पाय उघडा आहे का ते पाहा.

माझे म्हणाल तर मी बायजाबाईंचा झालो. रोज सकाळी त्या मला घालून दूध आणायला जातात. पुढे कागदाचे बोळे, मागे टाच सटकते, चालताना मोठा आवाज होतो. सत्यवती म्हणते, "आई, बाजूनं चाला, गाड्या येते." बायजाबाई ऐकत नाहीत. त्या भर रस्त्यानं चालतात.